जावेचा रिपोर्ट

१

डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन खडखडला. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. तोवर घरात एकच आवाज होता, लेकीच्या श्वासाचा. सर्दीमुळे तो जरा घरघरत होता. ती उठेपर्यंतचा तास माझा असतो, त्यात मी कुणालाही वाटेकरी होऊ देत नाही. पण फोन दुसऱ्यांदा खडखडला, तशी तिने कूस बदलली. मी झडप घालून फोन उचलला.

तक्रारी बघणाऱ्या मुलीचा मेसेज होता : "ताई, ही तुमच्या खात्यातली वाटते."

खाली एका बाईंची तक्रार जशीच्या तशी होती.

"तुमच्या ॲपवर मला माझा तपासणीचा रिपोर्ट बघायचा होता. कागदावरची लिंक बघून बघून टाइप केली. शेवटी सातऐवजी आठ पडला आणि माझ्या धाकट्या जावेचा रिपोर्ट उघडला. आम्ही दोघी एकाच दिवशी रांगेत पाठोपाठ होतो. तिने घरात काहीच सांगितलेलं नव्हतं. मी ते आमच्या ह्यांना बोलून गेले. चूक माझी आहेच, पण तुमचं कुलूप कुठे होतं?"

कुलूप बघणं हेच माझं काम. दवाखान्यांसाठी ॲप बनवणाऱ्या कंपनीत मी सुरक्षेचं बघते. प्रोग्रामर मंडळी खोल्या बांधत जातात आणि मी त्यांच्या मागून कड्या-कोयंडे ओढून बघत हिंडते. म्हणून ऑफिसात मला फौजदार म्हणतात. निम्म्या दिवसाची फौजदार, कारण लेक झाल्यापासून मी दोन वाजेपर्यंतच असते.

हे भोक माझ्या ओळखीचं होतं. आठ महिन्यांपूर्वी मीच ते शोधलं होतं आणि पाठीस लागून बुजवून घेतलं होतं. रिपोर्ट दाखवण्याआधी 'हा मागणाऱ्याचाच आहे ना?' असं विचारणारी एक ओळ तिथे घातली होती. वर एक पहारेकरीही बसवला होता, म्हणजे आपोआप चालणारी एक टेस्ट. ती ओळ काम करेनाशी झाली की टेस्ट लाल होते आणि नवी आवृत्ती बाहेर जाऊच देत नाही.

मी लॅपटॉप उघडला. माझे दोन खोटे रुग्ण आहेत, तपासण्यापुरते जन्माला घातलेले. पहिल्याच्या नावाने आत शिरले आणि दुसऱ्याच्या रिपोर्टचा आकडा टाकला.

रिपोर्ट उघडला. सगळा.

२

दहा वाजेपर्यंत भोक बुजलं. बुजवायला वीस मिनिटं लागली, शोधायला तीन तास. नोंदी चाळल्या. भोक तीन आठवडे उघडं होतं. या तीन आठवड्यांत मागणारा एक आणि रिपोर्ट दुसऱ्याचा असं एकदाच घडलं होतं. एकदाच, आणि तेही जावेजावेत.

ओळ गेली कुठे हे बघायला वेळ लागत नाही. कोणता कोड शेवटी कुणाच्या हातून बदलला, हे मशीन नावानिशी सांगतं. रिपोर्टच्या पानावर त्या जागी एकच नाव होतं. नवीचं.

नवी म्हणजे रिपोर्टच्या टीममधली पाच महिन्यांपूर्वी आलेली मुलगी. तिला कायम करायचं की नाही हे याच आठवड्यात ठरणार होतं. बदलावर तिने मथळा दिला होता : 'रिपोर्टचं पान जलद.'

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, मला आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक कागद आणि एक पेन असतं, तिसरी वस्तू मी कधी पाहिलेली नाही.

"नाव कळलं?"

"मशीनवर नाव आहे. पण..."

"चार वाजता मी तिच्या कागदावर सही करणार आहे. एका बाजूला किंवा दुसऱ्या. तुमचं 'पण' त्याआधी पूर्ण करून आणा."

"मी दोनला निघते, बाई."

"आज निघू नका."

मी बाहेर येऊन पाळणाघराला फोन केला, साडेपाच होतील म्हणून. पलीकडून लेकीचा आवाज आला, "आई नाही आली तरी चालेल, आज मातीचं काम आहे." एवढा तरी निरोप चांगला मिळाला.

वळले तर दाराशी नवी उभी होती. डोळे सुजलेले.

"ताई," ती म्हणाली, "ते मी केलंय असं वाटतंय मला."

३

तिला मी जिन्यात नेलं. आमच्या ऑफिसात खाजगी बोलायला तेवढीच एक जागा आहे.

"वाटतंय म्हणजे? केलंस की नाही?"

"आठवत नाही. सकाळपासून मी माझंच नाव बघतेय तिथे. शंभर वेळा बघितलं. आता मला ती ओळ काढताना माझा हातसुद्धा दिसायला लागलाय."

"रडून घे आधी. मग बोलू."

"रडायचं नाहीये. सकाळी घरी झालं." तिने नाक पुसलं. "आईला सांगितलं नाही अजून. ती उगाच म्हणेल, परत ये."

मी तिला एक-एक प्रश्न विचारत गेले. लेकीला हरवलेला मोजा शोधायला लावते तसंच : शेवटचा कुठे होता, मग तू कुठे गेलीस.

पान हळू उघडतं म्हणून तिने रिपोर्टसाठी एक नवा जवळचा रस्ता काढला होता. काम तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी संपवलं. बुधवारी दाढ ठणकायला लागली, गुरुवारी ती काढली आणि शुक्रवारी ती घरी झोपून होती. आवृत्ती शुक्रवारी बाहेर गेली.

"मंगळवारी काम संपल्यावर काय केलंस?"

"काय करणार? टेस्ट चालवल्या. सगळ्या. तुमचा पहारेकरीही."

"काय आलं?"

"हिरवं." तिने मान वर केली. "सगळं हिरवं होतं, ताई. मी फोटो काढून मैत्रिणीला पाठवला होता, पहिल्यांदाच सगळं एका झटक्यात हिरवं झालं म्हणून."

फोटो अजून तिच्या फोनमध्ये होता. मंगळवार, पाच वाजून चाळीस मिनिटं. खाली मैत्रिणीने विचारलं होतं, 'म्हणजे काय गं?'

मंगळवारी पहारेकरी हिरवा होता, म्हणजे मंगळवारी ओळ जागेवर होती. आणि शुक्रवारी ही मुलगी गालावर बर्फ धरून पडली होती. मशीनवर नाव तिचं असलं तरी मधल्या दिवसांत त्या पानावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात फिरला होता.

४

आजोबा पंचेचाळीसचे आहेत. कंपनीतला सगळ्यात जुना कोड त्यांनी लिहिला म्हणून ते आजोबा. त्यांच्या खुर्चीला कुणी हात लावत नाही आणि त्यांच्या कोडला तर त्याहून नाही.

"या फौजदार. बेड्या आणल्यात का?"

"आजोबा, रिपोर्टच्या पानावर एक ओळ होती. मी घालायला लावलेली."

"होती ना. मीच काढली."

मी उभीच राहिले. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"अशा बघू नका. चोरून काढलेली नाही, तीन आठवड्यांपूर्वी बुधवारी राजरोस काढली. बसा. समजा एक इमारत आहे. प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप. चाळीस खोल्या, चाळीस किल्ल्या. एखादं कुलूप लावायचं राहतंच. तर मी काय केलं? फाटकावर एकच पक्का राखणदार बसवला. येणाऱ्या प्रत्येकाला तोच विचारणार, 'कुणाकडे जायचंय?' मग खोल्यांची कुलपं हवीत कशाला? काढून टाकली."

"आणि पहारेकरी?"

"बुधवारी हिरवा. बघा हवं तर."

मी बघितलं. बुधवारी, त्यांच्या बदलावर, हिरवाच होता. खोलीचं कुलूप नसलं तरी फाटकावरच्या राखणदाराने खोट्या रुग्णाला परत पाठवलं होतं. आजोबांचं काम चोख होतं, मला मान्य करावंच लागलं.

मग माझ्या डोक्यात नवीचा जवळचा रस्ता आला.

"आजोबा, समजा कुणी फाटक टाळून मागून थेट खोलीपर्यंत जिना बांधला तर?"

"कुणी बांधला?"

"नवीने. मंगळवारी. तेव्हा खोलीला कुलूप होतं, म्हणून त्या कुलपाच्या भरवशावर."

आजोबांनी चष्मा परत लावला.

"तिच्याकडे जिना आणि कुलूप," ते सावकाश म्हणाले. "माझ्याकडे फाटक, कुलूप नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आणि हे दोन्ही ज्याने एकत्र केलं..."

"त्याने जिना तिचा घेतला आणि कुलूप नसणं तुमचं."

"पोरीचं नाव कशाला मग?"

"तिचा बदल मर्ज केला ना, म्हणजे मुख्य कोडात जोडला. जोडताना काय उचललं नि काय टाकलं, ते सगळं तिच्या नावावर चढलं. जोडणाऱ्याचं नाव आतल्या पानावर असतं. तिथे कुणी जात नाही."

मी गेले. नाव होतं मुकादमाचं.

५

मुकादम म्हणजे रिपोर्टच्या टीमचा प्रमुख. कामाची वाटणी करतो, सगळ्यांच्या आधी येतो, सगळ्यांच्या शेवटी जातो. आम्ही दोघं एकाच वर्षी इथे लागलो. माझी लेक झाली तेव्हा पहिलं झबलं त्याच्या बायकोने पाठवलं होतं.

पण त्याच्याकडे जाण्याआधी मला एक गाठ सोडवायची होती. जोडताना चूक झाली हे ठीक. पण जोडल्यावर पहारेकरी परत धावतोच. जिना आणि कुलूप नसणं हे दोन्ही एकत्र आल्यावर तो लाल व्हायलाच हवा होता. तो गप्प का बसला?

टेस्टचं सगळं बघणाऱ्याला ऑफिस शंकासुर म्हणतं. त्याला विचारलं.

"गप्प? छे!" तो म्हणाला. "शुक्रवारी साडेअकराला लाल झाला. चांगला बोंबलला. मी स्वतः बघितलं. बारा वाजता बघतो तर हिरवा."

"कुणी दुरुस्त केलं?"

"दुरुस्त नाही केलं. गप्प केलं. तशी सोय आहे ना, उगाच ओरडणाऱ्या टेस्टला तात्पुरतं गप्प करायची."

"मग तू शंका काढली नाहीस? तू?"

"काढली की. यादी उघडून बघितली. परवानगीचा रकाना भरलेला होता." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्याला हा प्रश्न माझ्याकडून येईल असं वाटलंच नव्हतं. "मॅडम, तुमचा पहारेकरी तुमच्या परवानगीशिवाय गप्प होतच नाही. नियम तुमचाच आहे."

६

पावणेचार झाले होते. मुकादम पाण्याच्या मशीनशी उभा होता. मला बघून त्याने ग्लास तसाच ठेवला.

"पोचलीस," तो म्हणाला.

"तू मला सकाळीच सांगू शकत होतास."

"अगं, सांगणार होतो. मग म्हटलं, कशाला? ऐक माझं. आता खोदू नकोस. मशीनवर एक नाव आहे, ते राहू दे. पोरगी हुशार आहे, तिला महिन्याभरात दुसरीकडे मिळेल. तुला निम्म्या दिवसाची नोकरी कोण देणार?"

"आणि तुला?"

"मला म्हणजे? मी काय सुटतोय असं वाटतंय तुला? मी मागचे तीन आठवडे सुखाने झोपत होतो, आज रात्री झोपेन असं वाटत नाही." त्याचा आवाज खाली गेला. "पण विचारलं होतं मी तुला. ते बघ एकदा."

मी आमचं बोलणं मागे सरकवत सरकवत त्या शुक्रवारपर्यंत गेले.

अकरा पन्नास. मुकादम : 'तुझा पहारेकरी ओरडतोय. आजोबांनी ओळ हलवली म्हणून असणार, जुन्या जागी शोधत असेल. आज पाठवायचंय. गप्प करू का?'

अकरा एक्कावन्न. मी : अंगठा.

शब्द एकही नाही. नुसता अंगठा.

आमच्याकडे अंगठा म्हणजे सही. दिवसात पन्नास वेळा आम्ही तो एकमेकांना दाखवतो. चहाला, मीटिंगला, आवृत्तीला, सगळ्याला. कुणी ठरवलं नव्हतं, चालत आलं.

तो शुक्रवार मला आठवला. मुलांच्या डॉक्टरांकडची बाकं. लेकीचा कान दुखत होता आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं दाबून धरलं होतं. थोडी हलले तरी ती कण्हत होती. उजवा हात तिच्या पाठीवर, डाव्या हातात फोन. मेसेज मी वाचला असेल. त्याचा अंदाजही मला पटण्यासारखाच होता. पण पहारेकरी जुन्या जागा शोधत नाही, खोट्या रुग्णाला रिपोर्ट मिळतो का एवढंच बघतो. हे कंपनीत एकाच माणसाला नक्की ठाऊक होतं, आणि त्या माणसाने एका मिनिटात अंगठा दिला.

"चल," मी मुकादमाला म्हटलं.

"कुठे?"

"चार वाजायला आलेत."

७

मोठ्या बाईंच्या समोर आम्ही शंकासुरासकट पाच जण बसलो. कागद टेबलावर होता. नवी त्याच्याकडे बघायचं टाळत होती, त्यामुळे सारखी तिकडेच बघत होती.

मी क्रमाने सांगितलं. मंगळवारचा हिरवा फोटो. बुधवारचं फाटक. शुक्रवारी दोन्ही जोडताना गेलेलं कुलूप. मग फोन काढून बाईंच्या पुढे ठेवला. अंगठा पडद्यावर पिवळाधमक दिसत होता.

"हा कुणाचा?"

"माझा. तो नसता तर आवृत्ती गेलीच नसती."

मुकादम खाकरला. "जोडलं मी. कळ मी दाबली. आणि सकाळी हिचं नाव समोर आलं तेव्हा गप्पही मीच बसलो."

आजोबा म्हणाले, "कुलूप काढताना मी मागच्या वाटा विचारायला हव्या होत्या. विचारल्या नाहीत. मला वाटलं, मला सगळ्या ठाऊक आहेत."

बाईंनी सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. "म्हणजे प्रत्येकाने आपापलं काम जवळजवळ नीट केलं आणि एका बाईचं गुपित तिच्या घरात फुटलं."



त्यांनी पेन उचललं आणि कागदावर सही केली. कागद फिरवून नवीकडे सरकवला. तिने वाचला. परत वाचला. 'कायम' या शब्दावर तिचं बोट थांबलं.

"आईला फोन करा," बाई म्हणाल्या. "तुम्ही," हे मुकादमाला, "उद्या सकाळी एकटे या. आणि तुम्ही," हे मला, "तुमच्या निम्म्या दिवसाचं महिनाअखेरीस बघू. मी आत्ता काही बोलत नाही. आजपासून अंगठा परवानगी नाही. काय गप्प करतोय, का, आणि किती दिवस, हे शब्दांत लिहायचं."

"हो."

"आता एक राहिलं. त्या धाकट्या जावेला फोन कोण करणार?"

"मी करते," मी म्हटलं.

८

धाकट्या जावेने सहानंतरची वेळ दिली होती. तोवर मी लेकीला घेऊन घरी आले होते. तिच्या कोपरापर्यंत वाळलेली माती होती. तिला ओट्याशी स्टुलावर उभं करून मी हात धुवायला लावले आणि खिडकीशी जाऊन फोन लावला.

मी कोण ते सांगितलं. काय झालं ते सांगितलं, मशीन-बिशीन न आणता. चूक आमची आहे, त्यात माझी आहे, तुमचा रिपोर्ट तुमच्या जाऊबाईंखेरीज कुणीही बघितलेला नाही, आता बघू शकणार नाही, असं सांगितलं. आणि माफी मागितली.



"जाऊबाईंचा राग नाही हो मला," ती म्हणाली. आवाज अगदी कोवळा होता, नवीएवढीच असेल. "त्या चांगल्या आहेत. पण आधी दोनदा दिवस राहून माझा गर्भ पडलाय. म्हणून ह्या वेळी तीन महिने होईस्तोवर आम्ही दोघांनीच मनात ठेवायचं ठरवलं होतं. परवापासून घरात कुणी मला बादली उचलू देत नाही. सासूबाई दार उघडंच ठेवायला सांगतात. सगळे माझ्याकडे बघतात. मागच्या वेळीही असेच बघत होते."

मी "काळजी घ्या" म्हणाले, आणि ते किती पोकळ आहे ते मलाच ऐकू आलं.

"तुम्हाला मूल आहे का?" तिने विचारलं.

"एक मुलगी आहे. चार वर्षांची."

"बरं," ती म्हणाली. "बरं झालं फोन केलात." आणि फोन ठेवला.

मी मागे वळले. नळ बंद होता. लेक स्टुलावर तशीच उभी, ओले हात समोर धरून, सगळं ऐकत.

"तू कुणाला सॉरी म्हणत होतीस?"

"एका मावशीला."

"तू काय केलंस?"

"तिची एक गोष्ट होती. तिला ती कुणाला दाखवायची नव्हती. माझं लक्ष नव्हतं, आणि ती दुसऱ्यांनी बघितली."

"मग आता दार लावलंस?"

"लावलं. पक्कं."

मी टॉवेल घेऊन तिचे हात पुसायला लागले, एकेक बोट सुटं करून. करंगळीच्या नखात अजून माती होती. तिने हात ओढून घेतला नाही. ती विचार करत होती. विचार करताना तिची भुवई माझ्या नवऱ्यासारखी वर जाते.

"पण आई," ती म्हणाली, "त्यांनी बघितलंय ना? मग ते परत न-बघितलेलं कसं करायचं?"